मागणी वहीतला दुसरा नंबर

माणसाला चौदा वर्षं पूर्ण झाली की त्याने बेटं, गुहा, चोरवाटा आणि हरवलेल्या होड्या यांचा नाद सोडावा, असं आमच्या वाचनालयाच्या बाईंचं मत होतं. नुसतं मत असतं तर आम्ही चालवून घेतलं असतं. बाईंनी त्याचा नियम केला होता आणि तो लाल शाईने पुठ्ठ्यावर लिहून दारामागे टांगला होता.

हे वाचनालय म्हणजे ऐरोलीत आमच्या सेक्टरमधल्या तळमजल्यावरच्या एका घराची बंद केलेली गॅलरी. नव्वदच्या दशकातली ऐरोली. निम्म्या इमारती उभ्या होत्या, निम्म्या उभ्या राहत होत्या, आणि रेल्वे येणार आहे असं आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो. बाई निवृत्त शिक्षिका. गावोगावच्या शाळांत जन्म काढून त्या इथे आल्या आणि सामान लावायच्या आधी त्यांनी पुस्तकं लावली. वाचनालय रविवारी सकाळी नऊला उघडायचं आणि बाराच्या ठोक्याला बंद व्हायचं. बारा वाजून एक मिनिटाने आलेल्या माणसाला त्या दारातूनच विचारत, “पुढच्या रविवारी लवकर येणार ना?”

नियम असे होते. एका वेळी एक पुस्तक, सात दिवस. आपण नेलेलं पुस्तक दुसऱ्याला द्यायचं नाही. बालविभाग चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत, पुढे मोठ्यांचा विभाग. आणि मोठ्यांना बालविभागातलं पुस्तक मिळणार नाही. हा शेवटचा नियम एका गृहस्थांमुळे झाला होता. त्यांनी नातवासाठी म्हणून एक किशोर कादंबरी नेली, ती पाच महिन्यांनी त्यांच्या टीव्हीच्या टेबलाच्या एका पायाखाली सापडली. नातू अजून व्हायचा होता.

मोठ्यांच्या विभागात काय होतं, तर चरित्रं होती. मी एकदा एक उघडून पाहिलं. पहिल्याच पानावर एक गृहस्थ पहाटे उठून थंड पाण्याने आंघोळ करत होते. मी ते मिटून ठेवलं.

आमचा जीव अडकला होता तो बंदराच्या पुस्तकांत. कोकणातल्या एका बंदरावर राहणारी चार मुलं, तीन मुलगे आणि एक मुलगी, आणि दर भागात एक संकट. अशी मालिका होती, आम्ही तिला ‘बंदराची पुस्तकं’च म्हणायचो. वर्षाला एखादा भाग यायचा. शेवटच्या पानावर चौकटीत पुढच्या भागाची जाहिरात असायची. ती मी इतक्या वेळा वाचायचे की कादंबरीपेक्षा चौकटच जास्त पाठ व्हायची.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. ती माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. राहायची तळवलीला, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या मूळ गावात. आमची वसाहत नकाशावरसुद्धा नव्हती तेव्हापासून तिच्या घरचे तिथे होते. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता कंपन्या होत्या, आणि तिचा आजा अजूनही भरती-ओहोटी पाहून खाडीवर जायचा. दर रविवारी ती बसने ऐरोलीला यायची, पुस्तक बदलायची आणि आमच्या घरी पोहे खाऊन परत जायची. माझी आई तिच्यासाठी पोह्यात मिरची जास्त घालायची.

आम्ही दोघी ती पुस्तकं एकाच आवडीने वाचायचो, पण एकसारखी नाही. मी पुढे काय होतं ते बघायचे, आणि ती काय होऊ शकत नाही ते बघायची. लेखक खाडीपासून दूर कुठेतरी राहत असावेत. त्यांच्या होड्या कधीही निघायच्या आणि कुठेही पोचायच्या. मैत्रिणीने त्यासाठी एक वही घातली होती, लेखकाच्या चुकांची. भाग दुसरा, पान एक्केचाळीस : अमावास्येच्या भरतीला एवढं कमी पाणी? भाग चौथा, पान बारा : तिवरांच्या चिखलातून धावत गेली म्हणे, धावून दाखवा. एवढ्या चुका काढून पुढच्या भागाची वाट मात्र ती माझ्याइतकीच बघायची. शिव्या घालायलासुद्धा माणूस लागतो, म्हणाली.

पाचव्या भागाने आमची झोप उडवली. चौघांतली मुलगी एकटीच बेटावर अडकली, ओहोटीने होडी चिखलात बसली, झाडीतून कंदील घेऊन कुणीतरी पुढे येऊ लागलं, आणि भाग संपला. चौकटीत लिहिलं होतं : ‘सहावा भाग जूनमध्ये!’ तेव्हा ऑक्टोबर चालू होता.

“सहा तास होडी हलनार नाय,” मैत्रीण म्हणाली. “कंदीलवाला सहा तास काय झाडाला पानी घालेल? आता बघते ना मी हा लेखक कसा सोडवतो तिला.”

आठ महिने आम्ही त्या मुलीला बेटावरून सोडवत होतो. माझ्या प्रत्येक युक्तीत कोणीतरी धावून यायचं. तिच्या युक्त्यांत मुलगी चिखलावर आडवी पडून सरपटायची, कारण उभं राहिलं की पाय रुततो आणि आडवं पडलं की नाही. मला हे मुळीच आवडायचं नाही. नायिकेने असं सरपटू नये, असं मला वाटायचं.

नव्या पुस्तकासाठी वाचनालयात मागणी वही असायची. पुस्तकाचं नाव वर, खाली मागणाऱ्यांची नावं, ज्याचं नाव आधी त्याला पुस्तक आधी. पाचवा भाग तिने माझ्याआधी वाचला होता, त्यामुळे तो परत करतानाच तिने सहाव्यासाठी नाव लिहून टाकलं. पहिला नंबर तिचा, दुसरा माझा. म्हणजे आठ महिने वाट पाहून पुस्तक येणार, आणि मग ते सात दिवस तळवलीला राहणार. सात दिवस मी तिच्या शेजारी बाकावर बसणार आणि तिला ते माहीत असणार, मला नाही. हा विचार मी जानेवारीपासून रोज करत होते.

मे महिन्यात बाईंनी सगळी कार्डं नवी करायला काढली. जुन्या कार्डांना दमट हवेने बुरशी धरली होती. माझं अक्षर चांगलं, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. अक्षर चांगलं असल्याने माझं लहानपण इतरांच्या याद्या लिहिण्यात गेलं. वर्गाचा नाव-पत्ता-जन्मतारखेचा तक्तासुद्धा वर्गशिक्षकांनी मलाच उतरवून काढायला दिला होता. जुन्या कार्डावर नुसतं वय असायचं, तेही तोंडी सांगितलेलं. नव्या कार्डावर बाईंनी रकाना आखला होता : ‘जन्मतारीख, शाळेच्या दाखल्याप्रमाणे.’

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या वर्गातली अकरा मुलं एक जूनला जन्मली होती, आणि यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं. गावातल्या मुलाचं नाव शाळेत घालताना जन्माचा कागद नसायचा. गुरुजी मुलाकडे बघायचे, मूल सहा वर्षांचं असेल असं ठरवायचे आणि तारीख टाकायचे एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेब सरळ बसतो. माझी मैत्रीण त्या अकरांतली. तिचा खरा जन्म दिवाळीनंतरचा, हे मला पक्कं माहीत होतं, कारण तिच्या घरी त्या दिवशी घावणे व्हायचे आणि ते मी दरवर्षी खाऊन यायचे. तिच्यात आणि माझ्यात खरं अंतर तीन महिन्यांचं. शाळेच्या कागदावर मात्र ती माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी होती.

ज्या मुलांच्या तारखा मला ठाऊक नव्हत्या, त्यांचे रकाने मी रिकामे सोडले. तिचाही सोडता आला असता. मी लिहिलं, एक जून. वळणदार लिहिलं. दाखल्याप्रमाणे लिहा म्हटलं होतं, मी दाखल्याप्रमाणे लिहिलं, यात माझं काय चुकलं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. लिहिताना मागणी वही माझ्या कोपराशी उघडी पडलेली होती आणि त्यातल्या पहिल्या नावाकडे मी बघत होते. हे इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच लिहिते आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाई कार्डांची पेटी घेऊन बसत आणि ज्यांना चौदा पूर्ण झाली त्यांची नावं मोठ्याने वाचत. जूनच्या पहिल्या रविवारी त्यांनी तीन नावं वाचली. तिसरं तिचं होतं.

“चौदा पूर्ण,” बाई म्हणाल्या. “अभिनंदन. आता मोठ्यांचा विभाग.”

“बाई, मी जूनची नाय. मी दिवाळीच्या नंतरची हाय.”

“दाखल्यावर जून आहे.”

“दाखल्यावर हाय ना. मी नाय.”

बाईंनी कार्ड तिच्यासमोर धरलं. तिने ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, पण तोंडाकडे नाही, माझ्या उजव्या हाताकडे. त्यावर शाई होती, त्या सकाळी लिहिलेल्या कार्डांची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसा मी तो हात फ्रॉकच्या मागे नेला.

बाईंनी मागणी वही उघडली, पट्टी ठेवली आणि पहिल्या नावावर सरळ रेघ मारली. सगळ्यांचे नंबर एकेकाने वर सरकले. मी पहिली झाले.

ती बाहेर पडली तशी मीही तिच्या मागे गेले. बसथांब्यापर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालली. बस समोर दिसल्यावर म्हणाली, “खरंच लिवलंस तू. खोटं कुटं हाय त्यात?” आणि चढली. त्या दिवशी तिच्या वाटचे पोहे मी खाल्ले. मिरची फार लागली.

शाळा सुरू झाली आणि ती वेगळ्या बाकावर बसली. मी बाकाच्या मधोमध बसायला लागले, म्हणजे रिकामं दिसू नये.

पुढच्या रविवारी मी नऊला पाच मिनिटं असतानाच वाचनालयाच्या दारात होते. टेबलावर सुतळीने बांधलेलं पार्सल होतं. पुस्तकं आली होती. पण खाकी कव्हर घातल्याशिवाय आणि शिक्का मारल्याशिवाय बाई पुस्तक बाहेर जाऊ देत नसत, तेव्हा आज काही मिळणार नव्हतं. तरी मी पार्सलशेजारी उभी राहिले.

साडेनऊला मैत्रीण आली. बरोबर तिची आई, आणि आईच्या बोटाला धरून बालवाडीतला धाकटा भाऊ. तिची आई नेसून-सवरून, केसांत फूल माळून आली होती, जशी ती लग्नाला जायची.

“याच्या नावाव द्या पुस्तक,” आईने मुलाला पुढे ढकललं. “यो कुटं चवदाचा हाय?”

बाईंनी कपाटातलं एक पुस्तक काढून त्याच्यापुढे धरलं. “नाव वाच बाळा.”

त्याने नावावर बोट ठेवून नीट पाहिलं आणि आत्मविश्वासाने म्हणाला, “अननस.”

पुस्तक कपाटात परत गेलं. मैत्रिणीने डोळे मिटून घेतले. तिची आई मात्र बाजारात भाव करणारी बाई होती, पहिल्या नकाराला ती नकार समजत नसे.

“ऐका बाई. ही जाली तवा आमचं भात कापून खल्यावर आलतं. न तेच आठवड्यान सरकारची मानसा शेतान खुंट्या ठोकाला आलती. मी बालंतीन, माझा सासरा खुंट्या उपटीत होता. आख्ख्या गावाला म्हाईत हाय. मंग ही जूनची कशी जाली? जूनला तर आमची लावनी व्हाची होती.”

“शाळेत नाव कुणी घातलं?”

“गुरुजींनी. तेंनी तारीख लिवली, आमी अंगठा केला.”

बाई खुर्चीवर बसल्या. वाचनालय चालू असताना बाईंना बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

“मीही लिहिल्यात,” त्या म्हणाल्या. “किती मुलांच्या ते मोजलं नाही. आई-बाप सांगायचे, शिमग्याच्या अलीकडची, पूर आला त्या वर्षीची. मागे रांग असायची. मी लिहायचे, एक जून.” मग म्हणाल्या, “माझी माझ्या गुरुजींनी लिहिली. मी शिवरात्रीची. पण नोकरीच्या कागदावर जून, म्हणून मला मे अखेरीला घरी पाठवलं. माझे आठ महिने गेले. पुढचा वर्ग मी शिकवणार होते, मुलांना तसं सांगून ठेवलं होतं. तारीख बदलायला चार वर्षं हेलपाटे घातले. नाही बदलली.”

गॅलरीत आम्ही सात-आठजण होतो. सगळे बाईंच्या पेनाकडे बघत होते. मला वाटलं, आता बाई पेन घेतील आणि तारीख खोडतील. मला तसं व्हायला हवं होतं, आणि नकोही होतं, दोन्ही एकाच वेळी. त्या वयात ते जमतं.

“म्हणून मी इथलीही बदलणार नाही,” बाई म्हणाल्या. “कागद म्हणजे कागद. मला कोणी सोडलं नाही, तर हिला कशी सोडू?”

मैत्रिणीच्या आईने पदर सारखा केला. “तुमाला राग आलता ना तवा?”

“आला होता.”

“जाला तर मंग. हिला पन आलाय. दुसरा काय हाय?”

बाई उठल्या. दारामागचा पुठ्ठा काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि स्वतःचेच नियम पहिल्यापासून वाचायला घेतले. एकेका नियमावर बोट ठेवून, पेपर तपासल्यासारखे. शेवटच्या नियमापर्यंत गेल्या, पुन्हा वर आल्या. मग पुठ्ठा जागेवर टांगला.

“हे वाचकांसाठी आहेत,” त्या म्हणाल्या. “काम करणाऱ्याला वयाची अट यात कुठे नाही.” त्यांनी खणातून कात्री काढून मैत्रिणीपुढे ठेवली. “पार्सल सोड. नव्या पुस्तकांना कव्हरं घाल. कव्हर घालायला पुस्तक उघडावं लागतं. ते किती वेळ उघडं ठेवावं, त्याचाही नियम नाही.”

सुतळी कापल्याचा आवाज मला अजून आठवतो. सहावा भाग सगळ्यात वर होता. मी हात पुढे केला नाही, पण मान केली.

त्या एका पुस्तकाला कव्हर घालायला तिला दोन रविवार लागले. ती स्टुलावर बसून खाकी कागद मांडीवर पसरायची आणि त्यावर पुस्तक उघडं ठेवायची. मधूनमधून, कोणी बघत असेल तर, कागदाला घडी घालायची. मी मागणी वहीतली पहिली, समोर उभी राहून तिला पान उलटताना बघत होते. आयत्या बिळावर नागोबा होऊ पाहणाऱ्याला बिळाबाहेर उभं राहावं लागलं. ती शेवटच्या पानाला पोचली तेव्हा तिच्या तोंडावरून काही कळतंय का ते मी बघितलं. तिने पुस्तक मिटलं, कडा दुमडल्या, चिकटवल्या आणि पुस्तक बाईंकडे शिक्क्यासाठी दिलं.

निघताना बाईंनी मला थांबवलं. “आजपासून कार्डांची पेटीही तिच्याकडे,” त्या म्हणाल्या. मी मान हलवली. त्या मागणी वहीकडे बघत होत्या, पट्टीने मारलेली रेघ आणि तिच्या खालचं माझं नाव. “तुझं अक्षर चांगलं आहे,” एवढंच म्हणाल्या. मला कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

सहावा भाग मी त्या दुपारीच वाचायला घेतला. पहिलं वाक्य असं होतं, की दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी घरी ओट्यापाशी बसून चहा पीत होती. मी पान उलटून मागे पाहिलं, एखादं पान गळालं असेल म्हणून. गळालं नव्हतं. पुढे एक वेगळंच संकट सुरू झालं, आणि शेवटच्या चौकटीत लिहिलं होतं : ‘ती बेटावरून कशी सुटली? अखेरच्या सातव्या भागात, मे महिन्यात!’

आठ महिन्यांनी अशी फसवणूक झाली, आणि ती ज्या एकाच माणसाला सांगण्यात अर्थ होता ते माणूस माझ्याशी बोलत नव्हतं. मी आमच्या घरच्या गॅलरीत बसून मोठ्याने म्हटलं, “भरती-ओहोटी नको म्हणून डायरेक्ट घरी?” अगदी तिच्या आवाजात. आईने आतून विचारलं, कोण आलंय गं? मी म्हटलं, कोणी नाही. आणि मग मला रडू आलं. मला तिची फार आठवण आली. ती दोन बाकं सोडून बसायची, रोज दिसायची, तरी आली.

पुढचे आठ महिने आमचं बोलणं वाचनालयापुरतं राहिलं. “सही कर.” “पुस्तकाचा कान दुमडलाय.” “परत तारीख अठरा.” मी एकदा सॉरी म्हणाले. तिने विचारलं, “कशाबद्दल?” ते मला सांगता आलं नाही. सांगायचं तर तो रकाना मी का भरला तेही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, कान दुमडल्याबद्दल. तिने तशी नोंद केली.

नोव्हेंबरात तिच्या घरचे घावणे चुकले. जानेवारीत माझं कार्ड भरलं, ओळी संपल्या, आणि पेटी तिच्याकडे असल्याने नवं कार्ड तिने लिहिलं. मी ते पाहिलं नाही. कार्ड पेटीतच राहायचं.

फेब्रुवारीत मला चौदा पूर्ण झाली. माझ्या जन्माचा दाखला होता, ठाण्याच्या दवाखान्याच्या शिक्क्यासह, आईने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. माझ्या तारखेत शंकेला जागाच नव्हती. वाढदिवसाचा रविवार होता, म्हणून आईने वाचनालयातही पेढे पाठवले. बाईंनी एक खाल्ला. मैत्रिणीने घेतला आणि कागदात बांधून भावासाठी ठेवला. सातवा भाग मे महिन्यात येणार होता. मी हिशेब केला. बसत नव्हता. जे पेरलं तेच उगवलं, असं स्वतःला बजावून मी मोठ्यांच्या विभागातलं ते थंड पाण्याच्या आंघोळीचं चरित्र पुन्हा एकदा उघडून पाहिलं. गृहस्थ अजून आंघोळच करत होते.

मार्चच्या पहिल्या रविवारी मी वेणी घट्ट घालून गेले. बाईंनी पेटी घेतली, नावं वाचली. दोनच होती, आणि दोन्ही मुलगे. बाईंनी पेटी बंद केली.

मी जागेवरच उभी. मी नाकासमोर चालणारी मुलगी, हे सगळ्या सेक्टरला ठाऊक होतं. चूक दिसली की बोट दाखवायचं, हा माझा स्वभाव, आणि मैत्रिणीची तारीख दाखल्याप्रमाणे लिहून मी त्यापायी काय केलं होतं तेही ठाऊक होतं. मी पेटीपाशी गेले आणि माझं कार्ड काढलं. मैत्रीण शेजारी स्टुलावर कव्हर घालत होती. तिने वर पाहिलं नाही.

तिच्या उभ्या, दाबून लिहिलेल्या अक्षरांत माझं नाव होतं. सेक्टर होता, खोली नंबर होता, इयत्ता होती. साल बरोबर होतं. जन्मतारखेच्या रकान्यात लिहिलं होतं, एक जून.

“काय गं?” बाई चष्म्यावरून बघत होत्या. तीनच आठवड्यांपूर्वी त्यांनी माझा पेढा खाल्ला होता. “कार्डात काही चूक आहे का?”

मागे कोणीतरी पुस्तक घेऊन थांबलं होतं. कात्री थांबली होती.

“नाही, बाई,” मी म्हटलं.

“दाखल्याप्रमाणेच ना?”

“हो.”

बाईंनी माझ्या हातातून कार्ड घेतलं, एकदा पाहिलं आणि स्वतःच्या हाताने पेटीत ठेवलं. “कागद म्हणजे कागद,” त्या म्हणाल्या आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

मैत्रिणीने मागणी वही उघडून माझ्याकडे सरकवली. वर सातव्या भागाचं नाव होतं. खाली पाच नावं आधीच आलेली. दोन, तीन, चार, पाच, सहा. पहिली ओळ रिकामी होती, आणि तिच्यापुढे पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवली होती, दुसऱ्या कोणी लिहू नये म्हणून. खालच्या नावांची शाई सुकून जुनी झाली होती. ती ओळ बरेच दिवस रिकामी ठेवलेली होती.

“लिव ना,” ती म्हणाली. “कव्हर घालाला मना दोन रविवार लागतील, आदीच सांगते. न चिखलात सरपटूनच सुटली असंल ती, बघ तू.”

मी पेन घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे, असं अजूनही लोक म्हणतात. त्या ओळीवरचं माझं नाव मात्र मी इतक्या घाईने लिहिलं, की ते कोणाला वाचता येणार नाही.